खाली चित्रं, मध्ये नावं, वर माणसं: मिल्वॉकीचं युद्धस्मारक

 

या मालिकेच्या संयोजकांनी मला विचारलं, "कर्नलसाहेब, कशावर बोलणार?" त्यांच्या मनात बहुधा सीमेवरचे अनुभव असावेत. बर्फ, गस्त, चकमक. मी म्हणालो, एका इमारतीवर बोलतो. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "किल्ला आहे का?" म्हटलं, नाही. अमेरिकेतलं एक वस्तुसंग्रहालय आहे, तळ्याच्या काठावर. ते आणखी गप्प झाले.

तर त्यांची शंका आधी दूर करतो. मी वास्तुशास्त्राचा माणूस नाही. साधा पदवीधर, आणि त्यानंतर तीस वर्षं गणवेशात. पण ही इमारत एका फौजी माणसाने बघावी अशीच आहे, कारण ती मुळात युद्धस्मारक आहे. लढाईत गेलेल्या माणसांची आठवण कशी ठेवायची, हा प्रश्न माझ्यासारख्याला निवृत्तीनंतरही सोडत नाही. एका शहराने त्याचं काय उत्तर दिलं, ते मी तिथे पाहिलं. ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमची मुलगी शिकागोला असते. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. शिकागोहून उत्तरेला रेल्वेने दीड तासावर मिल्वॉकी नावाचं शहर आहे, विस्कॉन्सिन राज्यात. दोन्ही शहरं मिशिगन तळ्याच्या पश्चिम काठावर. आपण तळं म्हणतो खरं, पण या शब्दाने फसू नका. तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर. आपल्या गोव्यासारखी पंधरा राज्यं त्यात मावतील. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, वारा सुटतो, बोटी लागतात. कोकणात वाढलेली माझी पत्नी काठावर उभी राहून म्हणाली, "सगळं समुद्रासारखं आहे, पण खारा वास नाही. काहीतरी चुकल्यासारखं वाटतं."

मिल्वॉकी स्टेशनवरून चालत निघालो की विस्कॉन्सिन अव्हेन्यू हा मोठा रस्ता सरळ पूर्वेला तळ्याकडे जातो. रस्त्याच्या टोकाला पांढरा पूल आणि त्यापलीकडे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी पांढरी इमारत. हे मिल्वॉकी आर्ट म्युझियमचं नवं दालन. स्पेनचे वास्तुकार सांतियागो कालात्रावा यांनी बांधलेलं, २००१ सालचं. शहराच्या प्रत्येक पोस्टकार्डावर हेच चित्र असतं. त्या पंखांबद्दल मी पुढे सांगणार आहे. पण मी ज्या इमारतीसाठी आलो होतो ती त्याच्या शेजारी, जरा उत्तरेला उभी आहे. करडी, काँक्रीटची, कुणाच्या पटकन नजरेत न भरणारी. तिचं नाव मिल्वॉकी काउंटी वॉर मेमोरियल. वास्तुकार ईरो सारिनन. उद्घाटन १९५७.

सारिननबद्दल थोडं सांगतो. जन्म १९१०, फिनलंडमध्ये. वडील एलिएल सारिनन हेही नामांकित वास्तुकार. ईरो तेरा वर्षांचा असताना, १९२३ मध्ये, कुटुंब अमेरिकेला आलं. सेंट लुईसची ती उंच पोलादी कमान तुम्ही फोटोत पाहिली असेल. ती याच माणसाची. एका बारीक देठावर उभ्या असलेल्या, फुलासारख्या प्लास्टिकच्या खुर्च्या हॉटेलांत दिसतात, त्यांचा मूळ आराखडाही याचाच. दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकेच्या युद्धकालीन गुप्तचर संघटनेत काम केलं. तिथे त्याच्याकडे आलेलं एक काम म्हणजे बाँब उघडून निकामी कसे करावेत, या विषयावरच्या पुस्तिकांची चित्रं काढणं. ज्याने बाँब उघडायची चित्रं काढली, त्याला रेघ चुकली तर काय होतं हे ठाऊक असणार. मला तर हे वाचूनच या माणसाबद्दल आपुलकी वाटली.

आता स्मारकाची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत गावोगावी एक वाद चालू होता. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पुतळे उभारले होते, खांब उभारले होते, चौकात तोफा ठेवल्या होते. या वेळी बऱ्याच लोकांचं म्हणणं पडलं की दगड पुरे झाले. जे गेले त्यांच्या नावाने ग्रंथालय बांधा, दवाखाना बांधा, सभागृह बांधा. याला ते जिवंत स्मारक म्हणत. विरोधक म्हणत, की हे सोयीचं बोलणं आहे. तुम्हाला सभागृह हवंच होतं, मेलेल्यांच्या नावावर खपवताय. दहा वर्षांनी लोक तिथे सिनेमा बघायला येतील आणि कुणाच्या नावाने बांधलं हे विसरून जातील.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिल्वॉकीच्या नागरिकांनी जिवंत स्मारक निवडलं. त्यांनी ब्रीदवाक्यच तसं घेतलं: जिवंतांची सेवा करून मृतांचा सन्मान. काम आधी थोरल्या सारिननकडे होतं. १९५० मध्ये ते वारले आणि मुलाने ते हाती घेतलं. त्याच्यापुढे मागण्या तीन होत्या. एक, शहरातल्या कलासंग्रहाला जागा हवी. दोन, माजी सैनिकांच्या संघटनांना सभागृहं आणि कार्यालयं हवीत. तीन, युद्धात गेलेल्यांची नावं सन्मानाने राहतील असं ठिकाण हवं. आणि जागा कशी? एका बाजूला शहर उंचावर, दुसऱ्या बाजूला तळं खाली, मध्ये तुटलेला कडा.

सारिननने कड्याचाच उपयोग केला. कड्याच्या पायथ्यापासून शहराच्या पातळीपर्यंत त्याने एक भक्कम जोतं उभं केलं. त्या जोत्यात कलादालन. जोत्याच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर शहराच्या रस्त्याच्या पातळीवर, मोकळं अंगण. त्या अंगणात पाण्याचा हौद, आणि हौदाभोवती काळ्या ग्रॅनाइटवर नावं. अंगणाच्या वर, काँक्रीटच्या मोजक्या खांबांवर तोललेली, अधिकच्या खुणेच्या आकाराची दोन मजली इमारत. त्यात माजी सैनिकांची सभागृहं आणि कार्यालयं.

खाली चित्रं, मध्ये नावं, वर माणसं. एवढा साधा आराखडा आहे. मला तो एका वाक्यात समजला आणि अजून पाठ आहे. लष्करात आम्ही म्हणायचो, जो हुकूम एका वाक्यात सांगता येत नाही तो रात्री अंधारात पाळला जात नाही.

वरचे मजले तीन दिशांना खांबांच्या बाहेर सुमारे ३० फूट, म्हणजे नऊ मीटर, अधांतरी आलेले आहेत. आपल्या जुन्या वाड्यांना सज्जा असायचा. सज्जा भिंतीबाहेर येतो, पण खालून त्याला लाकडी तिरके टेकू असतात. इथे टेकू दिसत नाही. एवढं वजनदार काँक्रीट हवेत हात पसरून उभं आहे. आम्हा फौजी लोकांना काँक्रीट म्हटलं की बंकर आठवतो. छत डोक्याला टेकणारं, समोर एक फट, फटीतून शत्रू. मी अशा बंकरांत अनेक रात्री काढल्या आहेत. तिथे काँक्रीट माणसाला आत दडवतं. इथे तेच काँक्रीट वर उचललं आहे, आणि खालून वारा वाहतो, उजेड जातो, माणसं जातात.

त्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट सांगतो. तुम्ही शहराच्या बाजूने अंगणात शिरलात की इमारतीच्या खालून आरपार तळं दिसतं. सारिननला तिथे भिंत घालता आली असती. दिमाखदार दर्शनी भाग करता आला असता. त्याने तळ्याची वाट मोकळी ठेवली. म्हणून नावं वाचताना तुमच्या समोर निळं पाणी असतं. मान खाली घातली की नाव, मान वर केली की क्षितिज.

शहराकडच्या दर्शनी भिंतीवर एक मोठं मोझॅक आहे. संगमरवर आणि काचेचे १४ लाखांहून अधिक तुकडे. त्यात रोमन आकड्यांत दोन युद्धांची सालं आहेत: १९४१ ते १९४५, आणि १९५० ते १९५३. पहिलं दुसरं महायुद्ध, दुसरं कोरियाचं. ते करणारे चित्रकार एडमंड लेवांडोव्स्की विस्कॉन्सिनचेच. युद्धाच्या काळात ते हवाई दलासाठी नकाशे आणि छद्मावरणाचं काम करत. छद्मावरण म्हणजे आम्ही ज्याला कॅमोफ्लाज म्हणतो ते. शत्रूला दिसू नये म्हणून रंग लावणाऱ्या माणसाने पुढे सगळ्या शहराला दिसावं म्हणून ही सालं रंगवली.

मी हौदाच्या कडेने चालत नावं वाचायला लागलो. फौजी माणूस स्मारकापाशी गेला की हेच करतो. जर्मन नावं होती, पोलिश नावं होती. मिल्वॉकीत या दोन्ही देशांतून आलेली मंडळी पुष्कळ. म्हणजे ज्यांचे आजोबा जर्मनीहून आले, ती पोरं जर्मनीशी लढायला गेली. एकाच आडनावाची दोन नावं लागोपाठ आली की मी थांबायचो. भाऊ असतील का? चुलते असतील? दगड एवढं सांगत नाही.

तिथे उभा असताना माझ्या मनात आपल्याकडचे दगड येत होते. तुमच्यातल्या ज्यांचं गाव सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे आहे त्यांनी देवळाच्या आवारात वीरगळ पाहिले असतील. उभा दगड, खालच्या चौकटीत पडलेला वीर, कधी बाजूला गाई, त्याच्या वर लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत आठवण राहील, असा त्याचा अर्थ. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. पराक्रम राहिला, माणूस कोण ते गेलं.

पुढे इंग्रज आले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी अनेक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातले इतके परतले नाहीत. संख्या आली, नाव तरीही नाहीच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्या गावाला आज लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. मग १९३१ मध्ये दिल्लीत इंडिया गेट पूर्ण झालं. त्यावर १३,००० हून अधिक नावं आहेत, पण कमान ४२ मीटर उंच. खालून बघणाऱ्याला किती वाचता येणार? शेवटी २०१९ च्या फेब्रुवारीत इंडिया गेटच्या शेजारीच राष्ट्रीय युद्धस्मारक झालं. तिथे स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावं ग्रॅनाइटच्या पाट्यांवर आहेत. जवळ जाता येतं, बोट ठेवता येतं. दिल्लीला गेलात तर जरूर जा आणि एक तरी नाव मोठ्याने वाचा.

म्हणजे नुसती कामगिरी, मग नुसती संख्या, मग उंचावरचं नाव, मग हाताशी आलेलं नाव. हा प्रवास व्हायला आपल्याला शेकडो वर्षं लागली. मिल्वॉकीत मला त्याची पुढची पायरी दिसली. नाव हाताशी आहे, आणि नावाच्या वर-खाली रोजचं आयुष्य चालू आहे.

आता खालच्या कलादालनात चला. तळघरात जाऊन तलवारी आणि बंदुका बघायला मिळतील असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. इथे चित्रं आहेत, शिल्पं आहेत. आज संग्रहात ३०,००० हून अधिक कलाकृती आहेत. १९७५ मध्ये तळ्याच्या बाजूने वाढीव दालन झालं, कारण पेग ब्रॅडली नावाच्या एका बाईंनी आयुष्यभर जमवलेला आधुनिक चित्रांचा संग्रह दिला आणि तो ठेवायला जागा पुरेना. जॉर्जिया ओकीफ ही मोठी चित्रकर्ती विस्कॉन्सिनमध्येच जन्मलेली. तिची बरीच चित्रं इथे आहेत.

मला चित्रांतलं फार कळत नाही. पण एक गंमत सांगतो. माझी सहा वर्षांची नात माझ्या बोटाला धरून चालली होती. एका भिंतीला टेकून सफाई कामगार उभा होता. कमरेला किल्ल्या, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. नात म्हणाली, "आजोबा, या काकांना विचारा ना, बाथरूम कुठे आहे." मी पुढे झालेल्या तिला हलकेच थांबवलं आणि शेजारची पाटी दाखवली. ते शिल्प होतं. ड्वेन हॅन्सन या शिल्पकाराने १९७३ मध्ये केलेलं, नाव 'जॅनिटर'. नात त्याच्यापुढे पाच मिनिटं उभी होती. पापणी लवते का बघत होती.

मला ते शिल्प तिथे असणं फार योग्य वाटलं. राजाचा पुतळा सगळेच करतात. झाडू मारणाऱ्या माणसाकडे एवढं निरखून कोण बघतं? आणि वरच्या मजल्यावर ग्रॅनाइटमध्ये जी नावं आहेत ती कुणाची? सेनापतींची थोडीच आहेत. कारखान्यातल्या, दुकानातल्या, शेतातल्या पोरांची आहेत.

दुपारी बारा वाजता सगळे कालात्राव्याच्या पंखांकडे पळाले. आम्हीही गेलो. ७२ पोलादी पट्ट्यांचे दोन पंख आहेत, टोकापासून टोकापर्यंत २१७ फूट, जवळजवळ ६६ मीटर. सकाळी संग्रहालय उघडताना ते उघडतात, दुपारी बाराला मिटून परत उघडतात, संध्याकाळी मिटतात. उघडायला साडेतीन मिनिटं लागतात. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या वर गेला की ते आपोआप मिटतात. सगळ्यांचे मोबाइल वर. टाळ्या पडल्या. खरोखर बघण्यासारखं आहे, त्यात वाद नाही. पण टाळ्या संपल्यावर मी मोजदाद केली. पंखांपाशी दीडदोनशे माणसं होती. शंभर पावलांवरच्या नावांपाशी किती? मी, एक म्हातारे गृहस्थ, आणि फोटो काढायला आलेलं एक नवपरिणीत जोडपं.

नवरीचा पांढरा झगा हौदाच्या कडेवर पसरलेला. फोटोग्राफर तिला सांगत होता, जरा डावीकडे, जरा हसा. तिच्या झग्याखाली नावं झाकली गेली होती. खरं सांगतो, माझ्या कपाळावर आठी पडली. आमच्या शिस्तीत स्मारकापाशी टोपी सरळ करतात, आवाज खाली आणतात. महायुद्धानंतरच्या त्या वादातल्या विरोधकांचं म्हणणं मला आठवलं. लोक येतील आणि कुणाच्या नावाने बांधलं ते विसरतील.

ते म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या टोपीवर व्हिएतनामची पट्टी होती. मी सैनिक आहे हे त्यांनी कसं ओळखलं देव जाणे. बहुधा उभं राहण्यावरून. आम्ही बोलू लागलो. त्यांच्या मामाचं नाव तिथे होतं. ते दर महिन्याला वरच्या सभागृहात बैठकीला येतात आणि जाताना त्या नावावर बोट फिरवून जातात. मी जोडप्याकडे नजर टाकली, त्यांनी ती टिपली. म्हणाले, "माझी आई दर मे महिन्यात इथे यायची. भावासाठी. एकदा इथे असंच लग्न होतं. मी चिडलो. ती म्हणाली, बरं झालं. तो गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याला लग्नात नाचायला फार आवडायचं."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

आठी गेली असं मी म्हणणार नाही. झग्याखाली नाव झाकू नये, हे माझं मत आजही आहे. त्या नवरीला कुणीतरी हळू सांगायला हवं होतं, ताई, दोन पावलं सरका. पण तिने तिथे येऊच नये, असं मला आता वाटत नाही. ब्रीदवाक्याचे दोन भाग आहेत, मृतांचा सन्मान आणि जिवंतांची सेवा. पहिलाच धरला तर स्मारक कुलूपबंद राहतं. दुसराच धरला तर ते मंगल कार्यालय होतं. दोन्ही एका छपराखाली सांभाळणं अवघड आहे, आणि सारिननने ते अवघड काम दगड-काँक्रीटमध्ये करून ठेवलं. ते रोज चालवायचं काम मात्र माणसांवर सोडलं.

फौजेत कुठल्याही ठाण्याची तपासणी करताना आमच्याकडे एक यादी असायची. मी मिल्वॉकीहून परत येताना रेल्वेत बसून स्मारकासाठी अशी यादी केली. तीनच प्रश्न आहेत.

पहिला: नाव वाचता येतं का? उंचीवर नको, झाडाझुडपांत नको, जाहिरातीच्या फलकामागे नको. सहावीतल्या मुलाला उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे.

दुसरा: तिथे रोज कुणी येतं का? पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सोडून. मंगळवारी दुपारी तीन वाजता तिथे कोण असतं?

तिसरा: दुरुस्ती कोण करतं? काँक्रीटही म्हातारं होतं, तळ्याकाठच्या थंडीवाऱ्यात तर जास्तच. मिल्वॉकीतल्या जुन्या दालनांचं मोठं नूतनीकरण करून ती २०१५ मध्ये पुन्हा उघडली, तळ्याच्या बाजूने नवं प्रवेशदालनही झालं. स्मारक बांधायला वर्गणी जमते. छताची गळती थांबवायला जमत नाही. म्हणून हा प्रश्न सगळ्यात अवघड.

हे तीन प्रश्न मी आपल्या मातीत लावून पाहिले आहेत. माझ्या पलटणीतला एक जवान, नाव सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. सांगली जिल्ह्यातलं गाव. तो गेल्यावर काही वर्षांनी गावाने स्मारक करायचं ठरवलं. पैसे जमले. पुढाऱ्यांच्या मनात गावाच्या वेशीवर स्वागत कमान होती. कमानीवर मोठ्या अक्षरांत नाव. मला बोलावलं होतं. बैठकीत सगळे पुरुष बोलले. शेवटी त्याच्या पत्नीला विचारलं. ती पदर सावरत मला म्हणाली, "साहेब, कमानीखालनं जाताना वर कोण बघतंय? गाड्या तर थांबत बी न्हाईत."

मग काय हवं, ताई? म्हणाली, "पोरास्नी अभ्यासाला जागा न्हाई. घरात दिवसभर टीव्ही लागलेला आसतो."

अभ्यासिका झाली. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, वीस-पंचवीस खुर्च्या. दाराशी काळ्या दगडावर त्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं तिथे रात्री अकरापर्यंत बसतात. मुलीही येतात. आत शिरताना दगड समोरच आहे, वाचल्याशिवाय जाता येत नाही. पहिला प्रश्न पास. दुसरा प्रश्न पास. तिसऱ्यावर गाडी अडली. मागच्या वेळी गेलो तेव्हा दोन दिवे बंद होते आणि वीजबिल थकलेलं. बिल कुणाचं, ग्रामपंचायतीचं की समितीचं, यावर कागद फिरत होता. आता अभ्यासिकेतून भरती झालेली पोरं पहिल्या पगारातून काही रक्कम पाठवतात, त्यातून बिल भरलं जातं. पद्धत कुणी लिहून दिलेली नाही. पोरांनीच पाडली.

मिल्वॉकीचं कौतुक सांगितल्यावर हमखास विचारलं जातं, "साहेब, त्यांच्याकडे पैसा आहे." आहे. कालात्राव्याचे पंख पैशाशिवाय उघडत नाहीत. पण नाव हाताच्या उंचीवर लावायला पैसा लागत नाही. नावाशेजारी रोज माणसं येतील असं काहीतरी ठेवायला थोडा लागतो. आणि आपण मराठी माणसं तर जिथे जाऊ तिथे आधी मंडळ काढतो, मग वाचनालय. इंदूर असो, बडोदा असो, दिल्ली असो, जुन्या मंडळांच्या वास्तू उभ्या आहेत. सभागृह आहे, गणपती बसतो, नाटकं होतात, लग्नं लागतात. म्हणजे जिवंतांची सेवा चालूच आहे.

तर माझी विनंती एवढीच. तुमच्या शहरातून, तुमच्या वस्तीतून, तुमच्या मंडळाच्या कुटुंबांतून कुणी सैन्यात कामी आलं असेल, तर त्याचं नाव शोधा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, घरच्यांना भेटा, त्यांची परवानगी घ्या. आणि ते नाव, नंबर आणि तारखेसह, मंडळाच्या वाचनालयाच्या दाराशी लावा. सभागृहात उंचावर नको. चपला काढताना जिथे माणूस खाली वाकतो आणि सरळ होतो, तिथे, डोळ्यांसमोर. त्या पाटीच्या दिव्याचं बिल कोण भरणार, हे मात्र पाटी लावायच्या आधी ठरवा, आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.

 जय हिंद.